'येतलीच' मधला 'च'

आजचा विषय सिनॅरिओ प्लॅनिंग. नाव जड आहे, पण मी ते पहिल्यांदा वापरलं आमच्या पिंगुळीच्या घराच्या पडवीत.

9 ऑक्टोबर 2021 ला चिपी विमानतळ सुरू झाला. माझ्या चुलत भावाने लगेच होमस्टे काढायचं ठरवलं. सहा खोल्या, बँकेचं कर्ज, तारण काजूची बाग. त्याचं म्हणणं एकच, "विमान इलां, आता माणसां येतलीच."

मी म्हटलं, "दादा, त्यातलो 'च' काढून बघूया."

ही पद्धत गाजली शेल या तेल कंपनीमुळे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या पियेर वाक यांच्या गटाने साहेबांपुढे वेगवेगळी भविष्यं मांडली. त्यात तेल अचानक महागण्याचंही एक होतं. 1973 च्या अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांत भाव साधारण चौपट झाले. तारीख त्यांनीही सांगितली नव्हती हं. पण 'असं झालं तर काय' याचा विचार आधी झाला होता.

आम्ही दोन प्रश्न घेतले, ज्यांचं उत्तर आमच्या हातात नव्हतं. मुंबईचं विमान टिकेल का? आणि पाहुणा फक्त समुद्र बघेल, की चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या बघायला गावातही थांबेल? आमच्याकडच्या परशुराम गंगावणे यांना त्याच वर्षी पद्मश्री मिळाली होती, म्हणजे आशा होती.

चित्रकथीच्या पोथीत एका कथेची चित्रं असतात. आम्हाला चार पोथ्या लागल्या. सगळ्यात वाईट: विमान बंद, माणसं थेट तारकर्लीला, हप्ता मात्र चालू. दादा गप्पच झाला.

मग खुणा शोधल्या. उडान योजनेत विमानमार्गाला मदत तेव्हा तीन वर्षांचीच होती. हे छापलेलं होतं, आम्हीच वाचलं नव्हतं. शेजारी गोव्यात मोपाचं कामही चालू होतं. कुडाळ स्टेशनवर उतरणारं गिऱ्हाईक मात्र चारही पोथ्यांत होतं.

शेवटी दोनच खोल्या बांधल्या. पाया मोठा घेतला, सळ्या वर ठेवल्या, पावसात गंजू नयेत म्हणून सिमेंटचा हात मारला.

ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईचं विमान बंद झालं. मला ते आधी कळलं होतं असं अजिबात नाही! आणि मे महिन्यात खोल्या कमी पडल्या की दादा मला अजून ऐकवतो. बागेचे कागद मात्र त्याच्याच कपाटात आहेत, आणि सळ्या अजून वरच.