नवी चित्रकला : पॅरिसपासून मुंबईपर्यंत

शहाद्याहून तोरणमाळकडे निघालेला प्रवासी म्हसावदला पोहोचला, म्हणजे उत्तरेस सातपुड्याची रांग त्याच्या दृष्टीस पडते. पहाटे ती धूसर निळी असते. दुपारच्या उन्हात मातकट दिसू लागते. सायंकाळी तिच्यावर जांभळी छटा उतरते. आणि श्रावणात ती मेघांत निम्मी बुडून जाते. एखाद्या चित्रकाराने हा डोंगर काढावयाचे मनात आणले, तर यांपैकी कोणता डोंगर त्याने खरा मानावा? प्रश्न वरवर साधा दिसतो. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून युरोपच्या चित्रकलेत जी उलथापालथ झाली, तिचे एक मूळ याच प्रश्नात आहे.

नव्या चित्रांविषयी सुशिक्षित कुटुंबांत जी तक्रार ऐकू येते, ती सर्वांच्या परिचयाची आहे. चेहरा चेहऱ्यासारखा नाही, झाड झाडासारखे नाही. मग यात कला ती कोणती? ही तक्रार अडाणीपणाची नव्हे. चित्र म्हणजे वस्तूची हुबेहूब प्रतिकृती, हे माप युरोपात शतकानुशतके मानले गेले व इंग्रजी अमदानीतील कलाशिक्षणाने ते आपल्याकडेही रुजविले. मुंबईचे सर जे. जे. कलाविद्यालय १८५७ साली निघाले, तेव्हा तेथे मुख्यतः हेच माप शिकविले जाई. ज्या माणसाच्या हाती हे एकच माप दिले गेले, त्याने ते वापरले तर त्यात नवल काय?

परंतु युरोपात हे माप तोवर डळमळू लागले होते. १८३९ साली छायाचित्रणाची युक्ती जगापुढे आली. हुबेहूब प्रतिमा यंत्रच देऊ लागले. मग चित्रकाराने वेगळे काय द्यावे? १८४१ मध्ये धातूच्या नळीत रंग भरून ठेवण्याची सोय झाली आणि चित्रकाराला रंगपेटी घेऊन उघड्यावर बसून काम करणे सुलभ झाले. उघड्यावर बसताच त्याच्या ध्यानी आले की, वस्तूचा रंग स्थिर नसतो. तो प्रकाशाबरोबर घटकेघटकेला पालटतो.

१८७४ साली पॅरिसमध्ये काही चित्रकारांनी सरकारमान्य प्रदर्शनाची वाट न पाहता आपले स्वतंत्र प्रदर्शन भरविले. त्यात क्लोद मोने यांचे बंदरातील सूर्योदयाचे एक चित्र होते. त्याच्या नावातील 'ठसा' या अर्थाच्या शब्दावरून एका टीकाकाराने सर्व मंडळींची टर उडविली, आणि तेच थट्टेचे नाव पुढे त्या पंथाला मानाने चिकटले. म्हसावदच्या डोंगराची उपमा घ्यावयाची तर या मंडळींचे उत्तर असे होते की, पहाटेचा डोंगर खरा आणि सायंकाळचाही खरा. ज्या क्षणी जो दिसला, तो काढावा.

पॉल सेझान यांना हे उत्तर अपुरे वाटले. क्षण तर निघून जातो. मग डोंगराचा भक्कमपणा कोठे गेला? आपल्या गावाजवळचा सेंट व्हिक्टोरी नावाचा एकच डोंगर त्यांनी पुनःपुन्हा रंगविला आणि रंगांच्या लहान लहान पृष्ठांतून त्याची बांधणी उभी केली. १९०६ साली ते वारले. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले, आणि तरुण पिढीला त्यातून वाट सापडली. पिकासो व ब्राक यांनी वस्तू अनेक बाजूंनी एकाच वेळी पाहिल्याप्रमाणे तिचे कोनाकोनांत विघटन केले. मातीस यांनी रंगाला वस्तूच्या दास्यातून सोडविले. कँडिन्स्की यांनी तर वस्तूच वगळून केवळ रंग व रेषा ठेवल्या. गाण्यातील आलापाला शब्द लागत नाहीत. मग चित्राला तरी वस्तू लागलीच पाहिजे असे का?

हा केवळ आवडीनिवडीचा वाद राहिला नाही. १९३७ साली म्युनिकमध्ये नाझी सरकारने नव्या चित्रकारांच्या सुमारे ६५० कृती 'अधःपतित कला' म्हणून लोकांच्या उपहासासाठी मांडल्या. एखादी राजसत्ता रंगांना एवढी भिते, ते उगाच नव्हे. आपल्या डोळ्यांनी पाहावयास शिकलेला मनुष्य दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहण्यास सहजासहजी तयार होत नाही.

त्या छळाचा एक अनपेक्षित लाभ मुंबईला झाला. व्हिएन्नाहून चित्रकार वॉल्टर लँगहॅमर व संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंजर, तसेच जर्मनीहून कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन हे मुंबईस आले. लँगहॅमर यांच्या घरच्या बैठकींतून मुंबईच्या तरुण चित्रकारांना युरोपातील नव्या कलेचा जवळून परिचय घडला. १९४७ साली, देश स्वतंत्र होत असतानाच, सहा तरुणांनी 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' स्थापन केला. गोव्याच्या साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा, पंढरपुरात जन्मलेले व चित्रपटांचे फलक रंगविणारे मकबूल फिदा हुसेन, विदर्भातील हरि अंबादास गाडे, घरगडी म्हणून राबलेले कृष्णाजी आरा, शिल्पकार सदानंद बाकरे आणि नागपूरच्या कलाशाळेतून आलेले सय्यद हैदर रझा, हे ते सहा जण. पुढे वासुदेव गायतोंडे त्यांना येऊन मिळाले.

त्यांनी युरोपची नक्कल केली, हा आक्षेप जुना आहे. रझांची कथा या बाबतीत बोधप्रद आहे. १९४८ साली काश्मीरमध्ये फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांची चित्रे पाहिली व सांगितले की, यांत बांधणी नाही. सेझानचा अभ्यास करावा. रझा १९५० साली फ्रान्सला गेले, बांधणी शिकले. परंतु अखेरीस ज्या बिंदूपाशी ते स्थिरावले, तो मध्य प्रदेशातील बालपणी गुरुजींनी चंचल मन एकाग्र व्हावे म्हणून भिंतीवर काढून दिलेला बिंदू होता. दुसऱ्याच्या दिव्यावर आपला दिवा लावून घेणे म्हणजे चोरी नव्हे. घर आपलेच उजळते.

या मार्गात काटेही होते. १९४९ साली मुंबईच्या प्रदर्शनातून सूझांची काही चित्रे अश्लील ठरवून उतरविण्यात आली, आणि त्याच वर्षी त्यांनी लंडनची वाट धरली. हुसेन यांना तर उतारवयात, २००६ साली, खटले व धमक्या यांमुळे देश सोडावा लागला. २०११ साली लंडनमध्येच त्यांचा अंत झाला. चित्र न आवडण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. चित्रकाराला हुसकून लावण्याचा कोणासही नाही. हा भेद ज्या समाजाला उमगला, त्यालाच कला लाभते.

नवे तेवढे सर्व उत्तम, असे मात्र कोणी समजू नये. नव्या पंथांतही पोकळ अनुकरण पुष्कळ असते. खरे-खोटे पारखण्यासाठी प्रेक्षकाने एवढेच करावे : 'हे कशासारखे आहे?' असे विचारण्यापूर्वी 'या माणसाने काय पाहिले?' असे विचारावे, आणि चित्रापुढे थोडा वेळ स्वस्थ उभे राहावे. म्हसावदच्या शेतकऱ्याला सातपुडा रोज दिसतो. तरी ढगांचा रंग पाहून पाऊस केव्हा येईल, हे त्याने वर्षानुवर्षे पाहूनच शिकलेले असते. डोळा तोच असतो. पाहण्याची सवय मात्र करावी लागते.