ओळीची नक्कल

हातानें खतावणी लिहिणाऱ्या कारकुनाकडून एखादी नोंद राहून गेली, तर तो दोन ओळींच्या मध्यें काकपदाची खूण करी आणि ती नोंद समासांत बारीक अक्षरांत लिही. अगोदरच्या नोंदीवरच लेखणी फिरवावी, असें त्याच्या मनांतहि येत नसे. संगणकावरील स्प्रेडशीट मात्र नेमकें तेंच करते, आणि तेंहि न विचारतां!

एक्सेलमध्यें सबंध ओळ निवडून ‘कॉपी’ केली, कीं तिच्याभोंवतीं तुटक रेघांची हलती चौकट दिसूं लागते. मग दुसऱ्या ओळीवर जाऊन ‘पेस्ट’ केलें, कीं तेथील जुना मजकूर नाहींसा होऊन नवा त्याच्या जागीं बसतो. ओळ मध्यें घालावयाची असल्यास माउसचें उजवें बटन दाबून निराळी आज्ञा शोधावी लागते. गंमत अशी, कीं तीच ओळ माउसनें ओढून भरलेल्या जागीं सोडली, तर हाच प्रोग्रॅम ‘येथें अगोदरच मजकूर आहे, तो बदलावयाचा काय?’ असें अदबीनें विचारतो. ओढणाऱ्याला जी सूचना, ती चिकटविणाऱ्याला कां नसावी?

‘फिल्टर’ लावून कांहीं ओळी दृष्टीआड केल्या असतां घोटाळा अधिकच वाढतो. अशा तक्त्यांत अनेक ओळींचा मजकूर पेस्ट केला, तर तो लपलेल्या ओळींवरहि जाऊन बसतो. केलेली क्रिया मागें घेण्याची सोय आहे खरी. पण कांहीं पुसलें गेलें हेंच ज्यानें पाहिलें नाहीं, तो ती वापरणार कशी?

२००३ सालीं ट्रान्सअल्टा या कॅनडांतील वीज-कंपनीनें न्यूयॉर्कमधील वीजवहनाच्या करारांसाठीं बोली लावली. एक्सेलच्या तक्त्यांत कॉपी-पेस्ट करतांना ओळी सरकल्या, एका कराराची किंमत दुसऱ्यासमोर गेली, आणि कंपनीला २ कोटी ४० लाख अमेरिकन डॉलरांची झळ पोंचली.

१९७९ सालीं डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांनीं ‘व्हिजिकॅल्क’ बाजारांत आणलें, तेव्हां सूत्राची नक्कल करतांना तें प्रत्येक संदर्भाविषयीं विचारी: हा तसाच ठेवावयाचा, कीं नव्या जागेप्रमाणें बदलावयाचा? तें कंटाळवाणें होतें. पण वापरणाऱ्याचा हेतु त्यांत विचारला जाई.

सबंध ओळ उचलली असेल, तर पेस्ट करतांच खालच्या ओळी सरकून तिला जागा मिळावी. जुनी पुसण्याची आज्ञा वेगळी असावी. तयार नमुन्यांत आंकडे भरणाऱ्यांची यानें अडचण होईल, हा आक्षेप रास्त आहे. परंतु ते सुटे खाने उचलतात, सबंध ओळ नव्हे. त्यांच्यासाठीं जुनी रीत तशीच चालूं ठेवतां येईल.