पाटीचें अक्षर

छापील अक्षराचीं कामें दोन प्रकारचीं असतात. पुस्तकांतील अक्षर स्वतःकडे लक्ष न वेधतां अर्थ पोंचवितें. पाटीवरील अक्षर आधीं डोळ्यास थांबवितें आणि मग अर्थ सांगतें. या दुसऱ्या कामासाठीं घडविलेला, सुलेखनाचें वळण राखणारा एक टाईप आहे. संगणकावरील टाईपास आतां फॉन्ट म्हणतात. त्याचें नांव ‘यात्रा वन’.

महाड व पोलादपूर हे तालुके पोटासाठीं मुंबईस माणसें धाडीत आले आहेत. तेथें उतरणाऱ्या कित्येकांस शहराची पहिली ओळख करून दिली ती स्थानकांवरील रंगाऱ्यांच्या हातच्या पाट्यांनीं. मुंबईच्या लोकल स्थानकांवरील त्याच रंगविलेल्या अक्षरांवरून कॅथरिन ली श्मिट या बाईंनीं हा टाईप रचला.

बोरूचें टोंक तिरकें छाटलेलें असतें. म्हणून एका दिशेची रेघ जाड, तर दुसऱ्या दिशेची बारीक उमटते. नागरी लेखणीचा हा कल रोमन लेखणीच्या उलट असतो. बहुधा असें घडतें, कीं रोमन अक्षर प्रमाण मानून नागरीस त्याच्या मापांत बसवितात. येथें मात्र रोमन अक्षरांस नागरीचा पंचेचाळीस अंशांचा कल दिला आहे. आपल्या लिपीस यजमानाचा मान मिळाला, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

हाताच्या वळणाचा छपाईंत असा आदर नवा नव्हे. जावजी दादाजींनीं 1869 सालीं निर्णयसागर छापखाना काढला. त्याच्या खिळ्यांसाठीं राणोजी रावजी आरू यांनीं कोरलेलें अक्षर महाराष्ट्राच्या डोळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या बसलें.

आतां उपयोगाविषयीं. दुकानाची पाटी, पुस्तकाचें मुखपृष्ठ, उत्सवाचा फलक, लग्नपत्रिकेवरील वधूवरांचीं नांवें, येथें असें अक्षर शोभतें. पण मुहूर्त व कार्यालयाचा पत्ता साध्या अक्षरांतच असावा. लहान आकारांत बारीक रेघ पुसट होते, जाड रेघांमधील पोकळी बुजते, आणि घरांतील वृद्धांस पत्रिका दुसऱ्याकडून वाचवून घ्यावी लागते. एस. टी. च्या पाटीसही हाच नियम लावावा. संध्याकाळीं पावसांत उभ्या असलेल्या उतारूस गाडी कोणत्या गांवची हें कळलें नाहीं आणि ती निघून गेली, तर अक्षराच्या सौंदर्याचा त्याला काय उपयोग?

आज बाजारपेठेंतील पाट्या बहुतेक संगणकावरून छापून येतात. रंगाऱ्याच्या कुंचल्यास काम उरलें नाहीं. त्यामुळें गांवाचें अक्षर कसें दिसावें, हें पाटी करून घेणाऱ्याच्या निवडीवर अवलंबून आहे. त्यानें छापणाऱ्यास दोन नांवें जुळवून दाखविण्यास सांगावें: ‘पोलादपूर’ आणि ‘शिवथरघळ’. महाराष्ट्र शासनाच्या 2009 च्या निर्णयानें मराठीसाठीं पाकळीचा ल व देठाचा श प्रमाण ठरविले आहेत. तीं रूपें बरोबर येतात कीं नाहीं तें पाहावें. मग ‘दऱ्याखोऱ्यांतील’ हा शब्द घालून अर्धा र नीट जुळतो कीं नाहीं तें तपासावें. एवढी परीक्षा उतरल्यावरच शोभेचा विचार करावा.

आपल्या दारावरची पाटी पुढें पुष्कळ वर्षें येणाऱ्याजाणाऱ्यांची मुलें वाचणार आहेत. पुष्कळांचा अक्षरांशीं पहिला परिचय तेथेंच होतो. ती निवडतांना घटकाभर अधिक खर्चावी, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.