दगडासोबतची चिठ्ठी

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



अध्यक्ष काकांनी "यंदा तुम्हीच बोला" म्हटले तेव्हा आम्ही जरा मागेपुढे पाहिले. आमचे शिक्षण डिप्लोमापर्यंत आणि नोकरी उपयंत्र्याची. दिवस जातो तो मोजमाप पुस्तिका आणि आवक-जावक रजिस्टर यांच्यात. मग ठरवले की ज्या गोष्टीशी रोजचा संबंध आहे त्यावरच बोलावे, म्हणजे पत्रव्यवहारावर. आमच्या कार्यालयातला नव्हे, एकोणिसाव्या शतकातल्या शास्त्रज्ञांचा. त्यासाठी फार दूर जायला नको, आपल्या नागपूर-छिंदवाड्यापर्यंत गेले तरी पुरे.

आधी आमची एक चूक सांगतो. बरीच वर्षे झाली, पांढुर्ण्याच्या बाजूला एका तलावाचे खोदकाम चालू होते. वर काळा पाषाण, खाली पुन्हा काळा पाषाण आणि मधे हात-दीड हात पांढुरकी, घट्ट माती. आपल्याकडे विहीर खोदणाऱ्या प्रत्येकाने असा थर पाहिला असेल. कामावरच्या एका बाईने त्यातला एक ढेकूळ आणून दिला. म्हणाली, "साहेब, पाहा ना, यात गोगलगाय हाये." खरोखरच दगडात शंखाचा आकार होता. आम्ही तो घरी आणला आणि टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवला. काही वर्षांनी भूगर्भशास्त्र शिकवणारे एक परिचित घरी आले. त्यांनी दगड हातात घेतला, डोळे चमकले आणि विचारले, "कुठला हा? किती खोलीवर? वरचा थर कोणता?" तोवर आम्ही तीन-चार तलावांची कामे केली होती. नेमका कोणता तलाव, काही केल्या आठवेना. त्यांनी दगड हळूच परत ठेवला. म्हणाले, "मग हा शोभेचाच."

तो शब्द आम्हाला लागला. त्यानंतर मिळेल ते वाचू लागलो आणि वाचता वाचता स्टीफन हिस्लॉप भेटले.

हिस्लॉप हे नाव आपल्याला नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजमुळे माहीत आहे. स्कॉटलंडमध्ये १८१७ साली जन्मलेला हा मिशनरी १८४५ साली नागपुरात आला. तेव्हा नागपुरावर भोसल्यांचे राज्य होते आणि आपला हा मुलूखही त्यातच होता. हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना १८५१ साली नागपूरजवळच्या टाकळीला फिरताना दगडात गोड्या पाण्यातला एक लहानसा शंख दिसला. म्हणजे जे आम्हाला दिसले तेच. फरक पुढे पडला. त्यांनी जागा लिहून ठेवली, थरांचा क्रम लिहिला आणि पत्र पाठवले.

त्या काळचे पत्र म्हणजे काय, ते आजच्या मुलांना सांगायला हवे. नागपूरला रेल्वे आली १८६७ साली. त्याआधी डाक मुंबईपर्यंत रस्त्याने जायची. मुंबईहून बोटीने सुएझ, तिथे उतरून जमिनीवरून अलेक्झांड्रिया आणि पुन्हा बोट. सुएझचा कालवा १८६९ सालचा, म्हणजे हिस्लॉपनंतरचा. नागपुरातून विचारलेल्या प्रश्नाला लंडनहून उत्तर यायला काही महिने जात. तोवर माणसाने काम थांबवायचे नसते. उत्तर येईल या भरवशावर पुढचा दगड उचलायचा असतो.

त्यांनी हे सारे एकट्याने ओळखायचा हट्ट धरला नाही. नागपूरच्या दक्षिणेला मांगली येथे एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी मिळाली. तिचे वर्णन केले रिचर्ड ओवेन यांनी, ज्यांनी जगाला 'डायनोसॉर' हा शब्द दिला. वनस्पतींचे ठसे चार्ल्स बनबरी यांनी तपासले, टाकळीचे कीटक अँड्र्यू मरे यांनी पाहिले आणि सूक्ष्म शिंपले रूपर्ट जोन्स यांनी. डब्लिनच्या सॅम्युअल हॉटन यांनी १८५९ साली नागपूर भागातल्या दोन खनिजांना 'हिस्लोपाइट' आणि 'हंटराइट' अशी नावे दिली. या मोठ्या विद्वानांना थर पाहायला टाकळीला यावे लागले नाही. त्यांचा सारा भरवसा दगडासोबतच्या चिठ्ठीवर होता.

आमच्या व्यवसायबंधूंचाही यात वाटा आहे. मद्रास इंजिनिअर्सचे तरुण अधिकारी रिचर्ड सँकी तेव्हा नागपुरात होते. पुढे बंगळुरूचा सँकी तलाव ज्यांच्या नावाने ओळखला गेला, तेच हे. त्यांनी कामठीच्या भागातले जीवाश्म गोळा केले आणि १८५४ साली नागपूर राज्याच्या भूरचनेवर लिहिले. बांधकामाच्या माणसाने वही ठेवली तर काय होते, याचे हे उदाहरण आम्हाला जरा टोचतेच.

आता आपल्या जिल्ह्याची गोष्ट. परासियाजवळच्या उमरेठला कोळसा आहे. हिस्लॉप यांनी १८५५ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. उमरेठचे कोळशाचे थर, नागपूरचे पानांचे ठसे असलेले थर आणि बंगालमधील बर्दवानचे थर यांचा एकमेकांशी संबंध आहे, असा त्याचा विषय. तीन ठिकाणे शेकडो मैल दूर. पण पानांचे ठसे जुळत होते. वेगवेगळ्या गावांची माहिती एका टेबलावर आली तेव्हाच हे दिसले.

हिस्लॉप यांचे सगळेच बरोबर होते असे नाही. काळ्या पाषाणाच्या मधल्या थरांना त्यांनी तृतीयक काळातले मानले. आज शास्त्रज्ञ त्यांतील बहुतेक थरांचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे धरतात, म्हणजे डायनोसॉर नाहीसे झाले त्या सुमाराचे. कोळशाचे थर तर त्यांनी मानले त्यापेक्षा पुष्कळ जुने निघाले. मत बदलले, पण टाकळी बदलली नाही. कोणता शंख कुठे मिळाला ही नोंद आजही उपयोगी पडते. माणसाचे अनुमान चुकले तरी चालते, पण त्याने जागा चुकवू नये.

४ सप्टेंबर १८६३ रोजी, अशाच पावसाळी दिवसांत, टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून बोरीकडे परतताना हिस्लॉप पूर आलेल्या ओढ्यात बुडाले. वय होते ४५. मध्य भारतातल्या सरीसृपांच्या दातांविषयी आणि हाडांविषयी त्यांनी लिहिलेल्या पत्रांतले उतारे पुढच्या वर्षी, १८६४ साली, लंडनला छापले गेले. लिहिणारा गेला, पण पत्रे पोचली होती. आदिवासींविषयी, आपल्या गोंड बांधवांविषयी त्यांनी जमवलेले कागदही रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केले.

एक गोष्ट मात्र मनात राहते. या लेखांवर नावे आहेत ती हिस्लॉप, ओवेन, बनबरी यांची. खाणीत पहार चालवणारे, पेट्या बांधणारे, डाक घेऊन धावणारे हरकारे, यांची नावे तिथे नाहीत. आणि आम्ही तरी काय केले? ज्या बाईने आम्हाला शंख दाखवला तिचे नाव आम्हीही विचारले नाही. दगडाची जागा हरवली आणि नजर ज्याची होती तो माणूसही हरवला.

सौंसरकरांनी तर अभिमान बाळगावा. मँगनीज ज्या प्राचीन खडकांत मिळते त्यांना भूगर्भशास्त्रात 'सौंसर समूह' म्हणतात. आपल्याच भागातल्या सीतापारवरून फर्मोर यांनी १९०९ साली एका खनिजाला 'सीतापाराइट' नाव दिले. पुढे ते बिक्सबाइट नावाच्या खनिजापेक्षा वेगळे नाही असे ठरले आणि नाव मागे पडले. पण सीतापार हे गाव पुस्तकात राहिले, कारण कोणीतरी ते लिहिले होते.

मंडळी, १९५६ साली सीमा बदलल्या आणि आपण मराठी माणसे मध्य प्रदेशात राहिलो. आपला इतिहास नागपूरच्या पुस्तकांत थोडा सापडतो आणि भोपाळच्या पुस्तकांत त्याहून थोडा. तो खरा आहे आपल्या घरांतल्या पेट्यांत. आजोबांची पोस्टकार्डे, लग्नपत्रिका, संत्र्यांच्या बागेचे हिशेब. आमच्या घरचा वाडा पाडला तेव्हा असे एक गाठोडे रद्दीत गेले. तेव्हा कुणालाच काही वाटले नाही.

म्हणून एवढीच विनंती. आज घरी गेल्यावर एक जुना फोटो किंवा एक पत्र काढा. घरातल्या सर्वांत थोरल्या माणसाजवळ बसा आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहा: कोण, कुठे, कधी. ज्यांना ते सांगता येते ते आज या मांडवात पहिल्या रांगेत बसले आहेत. मुलांनो, शेतात वेगळा दगड दिसला तर मोबाईलवर फोटो जरूर काढा, पण गावाचे, शिवाराचे आणि दाखवणाऱ्याचे नाव वहीत लिहायला विसरू नका.

आमच्या पिशवीत आता एक वही असते. टेबलावरचा तो दगड अजून तिथेच आहे. घरी येणारी मुले विचारतात, "काका, हा कुठला?" आम्ही खरे तेच सांगतो, "बेटा, लिहून ठेवले नाही."



गणपती बाप्पा मोरया!