भूकंप, रडार आणि जमिनीचे सरकणे



२२ मे १९९७ रोजी पहाटे जबलपूरजवळ भूकंप झाला. रायपूर त्या वेळी जबलपूरप्रमाणेच मध्य प्रदेशात होते. अशा भूकंपात जमीन नेमकी कोठे व किती सरकते, हे आता आकाशातून मोजता येते.

उपग्रहावरील रडार भूपृष्ठाकडे सूक्ष्मतरंग सोडते आणि परतलेल्या तरंगाची कला, म्हणजे तो शिखरावर आहे की दरीत, हे नोंदवून ठेवते. भूकंपापूर्वीची व नंतरची नोंद ताडून पाहिली, की जमीन जेथे सरकली तेथे कलेत फरक आढळतो. हा फरक नकाशावर रंगीत पट्ट्यांनी दाखवितात. युरोपच्या ईआरएस-१ उपग्रहाची तरंगलांबी सुमारे ५.६ सेंटिमीटर होती. तरंग जाऊन परत येत असल्यामुळे एक पट्टा म्हणजे उपग्रहाच्या रोखाने झालेले २.८ सेंटिमीटरचे सरकणे होय. कॅलिफोर्नियातील लँडर्स येथे २८ जून १९९२ रोजी झालेल्या भूकंपाचा असा नकाशा फ्रेंच शास्त्रज्ञ दिदिए मासोने व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलै १९९३ मध्ये प्रसिद्ध केला.

त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ३० सप्टेंबरच्या पहाटे, किल्लारी उद्ध्वस्त झाली. आदल्या दिवशी गणेशविसर्जन करून लोक निजले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे त्यांच्यावर कोसळली. सुमारे दहा हजार माणसे दगावली. तोवरच्या भूकंपनकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या श्रेणीत होता. २००२ च्या नकाशात रायपूरही सर्वांत खालच्याच श्रेणीत होते.

रडारलाही मर्यादा आहेत. ते केवळ पृष्ठभाग पाहते. किल्लारीचा भूकंप उथळ होता, तर जबलपूरचा सुमारे ३५ किलोमीटर खोल. इतक्या खोलवरच्या मध्यम धक्क्याची खूण भूपृष्ठावर फारच पुसट उमटते. शिवाय भूकंप केव्हा होईल, हे रडार सांगत नाही.

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या निसार या भारत-अमेरिकेच्या उपग्रहाचे एक रडार सुमारे २४ सेंटिमीटर लांबीचे तरंग वापरते. हे तरंग पानांच्या आच्छादनातून खाली पोहोचतात. म्हणून छत्तीसगढच्या सालवनांतील जमिनीचीही मोजणी त्यामुळे सुकर होईल.

उपग्रह जमिनीचे माप देईल. भिंती भक्कम बांधण्याचे काम मात्र माणसालाच करावयाचे आहे.