मूळ गावी तीन रात्री

मी इंदूरची. तुम्ही बडोद्यात असाल, ग्वाल्हेरला असाल, हैदराबादला किंवा तंजावरलाही असाल. कुठेही असलात तरी एक प्रश्न तुम्हाला नक्की विचारला गेला असेल, ‘तुम्ही मूळचे कुठले?’ आपण पटकन एका गावाचं नाव सांगतो. आता मी पुढचा प्रश्न विचारते. त्या गावात तुम्ही किती रात्री झोपला आहात?

आमच्या घरात याचं उत्तर दोन पिढ्या एकच होतं: एकही नाही. दुपारी पोचायचं, देवीची ओटी भरायची, घरासमोर फोटो काढायचा आणि उजेड आहे तोवर निघायचं.

माझे पणजोबा होळकर संस्थानात कारकुनीला आले आणि इंदूरचेच झाले. गाव राहिलं रत्नागिरी जिल्ह्यात, राजापूर तालुक्यात. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही गाडी काढली. नवरा, मी, बारा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा आणि माझे ७४ वर्षांचे बाबा. अंतर साधारण ९५० किलोमीटर. विमान-टॅक्सी केली असती तर एका दिवसात पोचलो असतो. आम्ही चार दिवस लावले.

आमच्या प्रवासाचा एक नियम आहे. रोज काहीतरी पायी झालं पाहिजे. खलघाटला नर्मदा ओलांडताना उतरून पाण्यापर्यंत गेलो. पुढे सेंधव्यानंतर सातपुडा उतरलो, शिरपूरच्या पुढे तापी लागली. मुलांना नकाशातल्या दोन नद्या एका सकाळीत भेटल्या. नाशिकच्या पुढे बारी गावातून कळसूबाई चढलो. उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. वरच्या टप्प्यात लोखंडी शिड्या आहेत. मुलगा दुसऱ्या शिडीपाशी रडला, तिसरी स्वतःहून चढला. बाबा खाली गावात चहा पीत बसले होते.

त्र्यंबकेश्वरला बाबांचं काम होतं. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे घराण्यांच्या वह्या असतात. आडनाव आणि गाव सांगितलं की ते वही काढतात. आमची नोंद अर्ध्या तासात सापडली. पणजोबांची सही मोडीत, खाली गाव आणि वाडीचं नाव. वाडीचं नाव बाबांना माहीतच नव्हतं. तेवढा एक शब्द पुढे फार उपयोगी पडला.

कोल्हापूरहून अणुस्कुरा घाट उतरलो आणि संध्याकाळी गावात पोचलो. घर जांभ्या चिऱ्याचं, वर कौलं. तिथे बाबांचे चुलत चुलतभाऊ राहतात. आम्ही त्यांना काका म्हणतो. काकूंनी चहा दिला, कुळथाचं पिठलं-भात केला. पण ओटीवर काहीतरी अवघडलेलं होतं. जेवण झाल्यावर काकांनी विचारलं, ‘कागद बघायला आलात काय?’

बाहेर राहणाऱ्या मराठी माणसांनी हा प्रश्न नीट समजून घ्यायला हवा. कोकणात सातबारा बहुतेक सामायिक असतो. एका तुकड्यावर दहा-पंधरा नावं. त्यातली निम्मी माणसं मुंबईत, बाहेरगावी किंवा वारलेली. गावात राहणारा पावसाआधी कौलं परततो, गडगा बांधतो, आंब्याची राखण करतो. पण घर नव्यानं बांधायचं किंवा कर्ज काढायचं म्हटलं की बाहेरच्यांच्या सह्या लागतात. त्यामुळे तीस वर्षांनी दारात गाडी उभी राहिली की त्याच्या पोटात गोळा येतो. त्यात त्याचं काही चुकत नाही.

बाबा म्हणाले, ‘मुलांना गाव दाखवायला आलोय.’ काका ‘बरं’ म्हणाले. विश्वास बसलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका गुरं घेऊन निघाले, मुलं त्यांच्या मागे. पाणंदीतून पऱ्यावर, पऱ्यावरून सड्यावर. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. काकांनी मुलांना गावाची शीव दाखवली, पावसात पाणी कुठून फुटतं ते दाखवलं. मुलीनं वहीतल्या वाडीचं नाव सांगून ती कुठे आहे विचारलं. काका थबकले. ती जुनी वाडी आता मोडली होती. चार जोती आणि एक विहीर उरली होती. ‘हे नाव तुला कुणी सांगितलं?’ तिथपासून ते बोलायला लागले.

तिसऱ्या दिवशी त्यांनीच आम्हाला कशेळीला नेलं. सड्यावर कोरलेला प्रचंड हत्ती आहे, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांच्या कितीतरी आकृत्या. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. ती कुणी कोरली ते कुणालाच सांगता येत नाही. मुलानं विचारलं, ‘मग मूळचे कोण, आपण की हे?’ बाबा बराच वेळ त्या हत्तीकडे बघत उभे होते.

त्या रात्री काकांनी स्वतः कागद आणले. सातबाऱ्यावर बारा नावं, त्यात माझे आजोबा. काकांच्या मुलाला त्याच जागी घर बांधायचं होतं. आजोबांचे वारस दोघे, बाबा आणि आत्या. बाबांनी इंदूरला आत्याला फोन लावला. दोघं तासभर बोलले. आत्या रडली, कारण तिच्यासाठी ते तिच्या वडिलांचं नाव होतं. पण शेवटी तीच म्हणाली, ‘जो कौलं परततो त्याचं घर.’

घर आणि भोवतीची वाडी असलेल्या त्या एका हिश्श्यापुरतं हक्कसोडपत्र करायचं ठरलं. मार्चमध्ये बाबा आणि आत्या दोघं पुन्हा गेले, दुय्यम निबंधकांकडे नोंदणी केली, वारस नोंद आणि फेरफार झाला. मुलीनं मला विचारलं, ‘म्हणजे आता ते आपलं गाव नाही?’ मी तिला काकांना फोन लावून दिला. काका म्हणाले, ‘कागदावरनं नाव गेलं, वाटेवरनं गेलं काय? मे महिन्यात ये.’ ती गेली. एकटी, तीन आठवडे.

तुम्ही सगळ्यांनी जमीन सोडावी असं माझं म्हणणं नाही. प्रत्येक घराचा हिशेब वेगळा असतो. माझं सांगणं एवढंच, की गावाशी आपलं नातं कागदावरच्या नावापेक्षा तिथे चाललेल्या पावलांवर जास्त टिकतं. आणि वाटा दाखवणारी माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत.

म्हणून जायचं असेल तर चार गोष्टी करा. निघण्याआधी सातबारा सरकारच्या भूलेख संकेतस्थळावर बघून घ्या, म्हणजे प्रश्न आला तर उत्तर तयार असेल. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाकडून वाडीचं, विहिरीचं, देवळाचं नाव लिहून घ्या. निदान तीन रात्री राहा. आणि पहिले दोन दिवस कागदाचा विषय आपणहून काढू नका. मुलांना गावातल्या माणसाबरोबर चालायला पाठवा.

पुढच्या सुट्टीचं बुकिंग करण्याआधी एक फोन गावी लावा.