बिनतिकिटाची पाकिटं

तिकिटं जमवणारे पुष्कळ; मी युद्धकाळातली पाकिटं जमवतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते १९४५, मराठा पलटणी इटलीत लढत होत्या. तिथून सातारा-रत्नागिरीला आलेल्या पाकिटाच्या शिक्क्यावर गावाचं नाव नसे. फील्ड पोस्ट ऑफिसचा नुसता क्रमांक आणि तारीख. शत्रूला ठावठिकाणा लागू नये म्हणून. पोरगा नेमका कुठं आहे, हे आईलाही कळत नसे. आज लष्करी टपालाच्या नोंदींशी तो क्रमांक आणि तारीख ताडून मुक्काम बहुतेक वेळा सापडतो. पण अशा पुष्कळ पाकिटांवर तिकीटच नसतं, म्हणून ती रद्दीत जातात. असलंच, तर हौशी मंडळी तेवढंच कापून घेतात आणि शिक्का अर्धा होतो! घरच्या ट्रंकेत असं पाकीट निघालं, तर कात्री लावू नका; आतल्या पत्रासकट ठेवा.